रांगोळीचा त्रिकोण

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळत आलो. टाळायची रीत सोपी होती. कोणी विचारलं तर हसू येणारा भाग तेवढा सांगायचा आणि चहा मागवायचा. आता उरलेलाही लिहितो. मात्र लिहिताना मला हसू आवरणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी मुलगी, एकुलती एक, विद्यापीठात सांस्कृतिक मानवशास्त्र शिकायला गेली, तेव्हा यवतमाळच्या आमच्या नात्यात ते काय असतं हे कोणालाच कळलं नाही. मलाही नाही. थोरला भाऊ म्हणाला, "माणसाचं शास्त्र? माणूस तर आपून रोजच पाह्यतो. त्याची फी कायले भराची?" लग्नकार्यात विचारणा झाली की मी एकाला सांगायचो, कलेक्टरची तयारी करते. दुसऱ्याला सांगायचो, प्राध्यापक होणार. ते दोघं एकाच पंगतीत शेजारी बसले की मी उठून वाढायला लागायचो.

शेवटच्या वर्षी तिला एका गावातली नातीगोती लिहून आणायची होती. सून कुठून आणली, लेक कुठं दिली, मामेकुळ कोणतं. मी नुकताच निवृत्त झालो होतो, पंख्याखाली बसून कंटाळलो होतो. म्हटलं, चल, स्कूटरवर मी नेतो. गाव राळेगाव तालुक्यातलं होतं.

आता चित्र बघा. पिकल्या केसांचा, इस्त्रीच्या सदऱ्यातला माणूस एका मुलीला घेऊन दारात उभा राहतो आणि विचारतो, कूळ कोणतं, मामेकुळ कोणतं, घरात लग्नाचं कोण आहे? आमच्या भागात हे प्रश्न घेऊन माणसं एकाच कामासाठी फिरतात. विद्यापीठाच्या हे ध्यानात आलं नसेल, पण माझ्या यायला हवं होतं.

सुरुवातीच्या घरांनी पाणी पाजून वाटेला लावलं. मग एक घर आमच्याच समाजातलं निघालं आणि सगळं पालटलं. खाटेवर सतरंजी पडली, पन्हं आलं. घरची आजी अशी रंगात आली की नाव सांगताना त्या त्या माणसाची नक्कलही करून दाखवू लागली. माझी मुलगी कागदावर पुरुषासाठी त्रिकोण काढत होती, बाईसाठी गोल, आणि मधून नात्याच्या रेघा. कागद पुरेना.

"एवढ्याशा कागदावर माह्या जावा कोंबतं व्हय?" आजी म्हणाली. "अंगनात काढ."

घरातून रांगोळीचा डबा आला. सारवलेल्या अंगणात ते खानदान पसरत गेलं. शेजारचे जमले. ज्याचा त्रिकोण निघेल तो त्यात जाऊन उभा राहू लागला. एक काकू ओरडली, "मी नाही जात सासूच्या खालच्या गोलात, जलमभर तिथंच होती!"

"बाप्ये तिरकोनी काहून वं?" आजीने विचारलं.

माझी मुलगी काही शास्त्रातलं सांगणार, तेवढ्यात काकूच म्हणाली, "टोचते म्हून!"

अख्खं अंगण हसलं. आजीला ठसका लागला, मला खाटेचा पाय धरावा लागला. इतका मी आयुष्यात हसलो नव्हतो. आणि पहिल्यांदाच वाटलं, पोरगी हे शिकते होय? मग मीही नाव घातलं असतं!

तेवढ्यात घरातली मुलगी पोहे घेऊन बाहेर आली. नुकतीच बारावी झालेली. त्या उन्हात अंगावर कोरी साडी, डोक्यावर पदर. मला तेव्हाच सगळं कळलं. तिने बशी माझ्यापुढे ठेवली आणि हळूच माझ्या मुलीला विचारलं, "ताई, तुमी शिकता ते यवतमाळच्या कॉलेजात हाये का? मी फॉरम भरून राह्यली." माझी मुलगी खूश. दोघी बोलत बोलत मागच्या दारी गेल्या.

इकडे त्या साडीतल्या मुलीच्या वडिलांनी रांगोळीचा डबा माझ्याकडे सरकवला. "आमचं सारं पाह्यलं भाऊ. आता तुमचं काढा. पोरगा काय करते?"

इथे एक वाक्य बोलायचं होतं. पण सगळं अंगण माझ्याकडे कौतुकाने बघत होतं, आणि "एकच पोरगी?" हा प्रश्न मी ज्या सुरात आयुष्यभर ऐकला तो सूर मला त्या दिवशी नको होता. मी माझा त्रिकोण काढला, बायकोचा गोल काढला, त्याखाली मुलीचा. आणि तिच्या शेजारी एक त्रिकोण. चांगला ऐसपैस.

"इंजिनिअर आहे," मी म्हणालो. "पुण्याला."

मग मी सुटलोच. तो उंच होता, त्याला वांगं आवडत नव्हतं, आईला रोज फोन करायचा. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला त्याचा अभिमान वाटत होता.

मुलगी परत आली, रांगोळीकडे बघत राहिली. "बाबा, हा कोण?"

"निघू या," मी म्हणालो, "ऊन चढलं."

स्कूटरवर मी कबूल केलं. ती म्हणाली, आपण कशासाठी आलो हे घराला खरं सांगायचं, हा आमचा पहिला नियम आहे. आजच फोन करा. मी हो म्हणालो आणि केला नाही.

फोन त्या मुलीच्या वडिलांचाच आला. "पोरीचं कॉलेजचं थांबवलं जी. तुमचा निरोप येईस्तोवर फॉरम कायले भराचा?"

मी म्हणालो, "बरं."

प्रवेशाची मुदत टळून गेल्यावर मी कळवलं की मुलाचं दुसरीकडे जमलं. माझ्या मुलीला मात्र सांगितलं की खरं सांगून टाकलं. तिने तरीही ते घर प्रबंधातून काढून टाकलं, आजीच्या नकलांसकट.

आज ती वणीकडच्या गावांत एका आरोग्य पथकाबरोबर काम करते. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीला लोक का येत नाहीत, हे चुलीपाशी बसून समजून घेते. तिच्या वर्गातला एक जण संग्रहालयात आहे. एक मुलगी कंपनीसाठी लोकांच्या घरी बसून ते कपडे धुण्याचं यंत्र कसं वापरतात ते बघते आणि त्याचा पगार घेते! थोरला भाऊ आता नातवासाठी याच शिक्षणाची चौकशी करतो. माझी मुलगी दारात पाऊल ठेवताच म्हणते, "मी सोयरीक घेऊन आलेली नाही." घरं हसतात आणि बोलती होतात.

मागच्या महिन्यात सगळं सांगायचं ठरवूनच मी राळेगावची एसटी धरली. ती साडीतली मुलगी तिथे झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरून देते, असं कळलं होतं. मला बघताच तिने ओळखलं.

"काका! बसा ना जी. दादाचं झालं ना लग्न?"

"झालं."

"लेकरं?"

"दोन," मी म्हणालो.

ती खळखळून हसली, चहा सांगितला. समोर एक पोरगी गुणपत्रिका घेऊन उभी होती, तिचा कॉलेजचा फॉर्म भरणं चाललं होतं. "माहं तं त्या साली राहूनच गेलं," टाइप करता करता ती म्हणाली, "मंग लग्न झालं." चहा संपला, एसटी लागली, मी उठलो.

जाताना रस्ताभर पाठ केलेलं तसंच परत आणलं. ते असं होतं: पोरी, मला मुलगा नाही. कधीच नव्हता. एकच मुलगी आहे, आणि त्या दिवशी अंगणात सगळ्यांसमोर मला ती पुरली नाही. तुझा फॉर्म त्यामुळे राहिला. मला माफ कर.