मामांनी एजंट पारखला

आमच्या हिच्या मामांना आजवर जगात कोणी फसवू शकलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. त्यांचं जे काही नुकसान झालं ते त्यांनी स्वतःच्या अकलेनं, पूर्ण चौकशीअंती आणि समोरच्याकडून सगळं कबूल करून घेऊन मगच करून घेतलेलं आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात एक फ्रीज आहे. तो गार करत नाही. घेतला त्या दिवशीही करत नव्हता आणि विकणाऱ्यानं तसं स्वच्छ सांगितलं होतं. शेजारच्याच दुकानात चांगला चालणारा फ्रीज होता, पण "ह्यात खोड काय हाय?" या मामांच्या प्रश्नाला तो दुकानदार बिचारा "काही नाही" म्हणाला आणि तिथंच सौदा मोडला. मामी त्या फ्रीजमध्ये आता डाळी आणि शेंगदाणे ठेवतात. मुंग्या लागत नाहीत, एवढाच त्याचा गुण. आल्यागेल्याला मामा तो कौतुकानं उघडून दाखवतात आणि म्हणतात, "सांगून दिला गड्यानं. लपवून न्हाई दिला!"

या वेडाचं मूळ आटपाडीकडं आहे. मामांचं घराणं पिढीजात मेंढरं राखणारं. बाजारात मेंढा घ्यायचा तर त्यांचे वडील मेंढ्याकडं बघायचेच नाहीत म्हणे. मालकासमोर उकिडवं बसायचं, तंबाखू मळायची आणि विचारायचं, खोड काय? जित्या जनावराला खोड असतेच. कुणी मारकं असतं, कुणी कळप सोडून पळतं, कुणी पाण्याला नाटकं करतं. मालकानं खोड सांगितली की मग दात बघायचे, पाठ चाचपायची, किमतीचं बोलायचं. "काय बी खोड न्हाई" म्हणाला की धोतर झटकून उठायचं. जनावराची खोड झाकणारा माणूस उद्या आणखी काय काय झाकेल याचा नेम नाही. मामा पुढं फौजेत गेले, देशभर हिंडले, निवृत्त होऊन साताऱ्यात आमच्या घरामागच्या गल्लीत घर बांधून राहिले, पण आटपाडीचा बाजार काही त्यांच्या डोक्यातून उठला नाही.

मलाही त्यांनी असाच पारखून घेतला आहे. हिला बघायला मी गेलो तेव्हा पोहे झाले, चहा झाला, माझा पगार, माझी कचेरी, माझी बदली सगळं विचारून झालं. मग कोपऱ्यातून मामांचा आवाज आला, "जावईबापू, ते सगळं ऱ्हाऊ द्या. तुमच्यात खोड काय हाय ते बोला." माझ्या वडिलांनी माझ्याकडं असं बघितलं की आता हा काय दिवे लावतोय. मी घाबरून खरं तेच बोललो, की मी फार घोरतो. मामांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "द्या पोरगी!" आमच्या हिचं मत आहे की मामांनी तेव्हा आणखी दोन-चार प्रश्न विचारायला हवे होते.

साताऱ्याच्या मंडईत तर त्यांची ख्याती आहे. भाजीवाल्या बायका लांबूनच ओरडतात, "आवं मामा, आज भेंडी जून हाय बगा!" आणि मामा प्रसन्न होऊन तीच भेंडी किलोभर घेतात. मामींनी कपाळावर हात मारून घ्यायचंही आता सोडून दिलं आहे. एसटीत चढण्यापूर्वी ते ड्रायव्हरला खिडकीतून गाडीची खोड विचारतात. एकदा एका ड्रायव्हरनं वैतागून "ब्रेक लागत नाही" असं सांगितलं, तेव्हा मामा समाधानानं पहिल्या सीटवर जाऊन बसले आणि बाकीची निम्मी गाडी खाली उतरली.

अशा माणसाच्या मुलाला परदेशी जायचं होतं. मुलगा म्हणजे दत्ता, सांगलीजवळ कुपवाडला एका कारखान्यात वेल्डर. तिथंच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला मोटरसायकलवरून साताऱ्याला यायचा. हात उत्तम, स्वभाव बापासारखाच सरळ, एकुलता एक. त्याच्याबरोबरची दोन पोरं पोलंडला गेली आणि तिथून हेल्मेट घातलेले फोटो पाठवायला लागली, तेव्हापासून याचंही लक्ष कुपवाडवरून उडालं. मामींनी दोन दिवस डोळ्याला पदर लावला. मामा मात्र एवढंच म्हणाले, "जायचं तर जा. पर एजंट मी बघणार." आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात पोलंडला रामराम केला.

पहिला एजंट साताऱ्यातलाच. स्टँडजवळ जिना चढून वर काचेचं ऑफिस, आत एसी, भिंतीवर विमान. मी गाडी चालवायला म्हणून बरोबर, त्यामुळं सगळीकडं मला मुलाचा बाप समजून खुर्ची मिळायची आणि मामांना स्टूल. टाय घातलेला तो तरुण गोड होता. त्यानं दत्ताला न बघताच "हंड्रेड पर्सेंट काम होणार" असं सांगितलं आणि थंड पेयाच्या बाटल्या मागवल्या. मामांनी विचारलं, "ह्या नोकरीची खोड काय?" तो म्हणाला, "काका, आमच्याकडं तक्रारीला जागाच नाही." मामा उठले. दत्ता उठला. माझी बाटली उघडली होती, म्हणून मी ती पिऊन मग उठलो.

दुसऱ्याला बहुधा मामांची कीर्ती कळली होती, कारण त्यानं प्रश्न ऐकताच कपाळाला आठ्या घालून विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "खोड एकच, काका. ओव्हरटाइम इतका मिळतो की पोराला पैसे ठेवायला जागा पुरणार नाही." मी हसलो. मामा जिन्यात येऊन म्हणाले, "ही खोड न्हवं, ही जाहिरात हाय."

तिसरा सांगलीचा. हा मला स्वतःला फार आवडला होता, हे सांगून टाकतो. मी जन्म कचेरीत काढलेला माणूस, नीट लावलेल्या फायली दिसल्या की माझा जीव विरघळतो. त्याच्या फायलींना रंगीत चिठ्ठ्या होत्या. तो म्हणाला, आधी मुलाला टुरिस्ट व्हिसावर पाठवू, तिथं पोचला की कामाचा व्हिसा करून घेऊ, सगळे असंच करतात. मामांनी त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे मेंढी गाभण हाय म्हणून इकायची, आन् घरी नेल्यावर बगा म्हणायचं? आमच्यात असल्याला बाजारात उभा ऱ्हाऊ देत न्हाईत." त्या माणसाचा चेहरा पडला. माझाही थोडा पडला. घरी येऊन मी सरकारी वेबसाइटवर त्याचा नोंदणी क्रमांक शोधला, तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी निघाला. हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं "व्हय?" म्हटलं आणि पेपर वाचत बसले.

पण दत्ताचा धीर सुटला होता. महिने चालले होते, बरोबरची पोरं पुढं निघून गेली होती, कारखान्यातही "हा जाणार" म्हणून त्याला नवीन काम देत नव्हते. एका रविवारी आम्ही सगळे मामांच्या ओसरीवर बसलो असताना तो एकदम मामांना म्हणाला, "अण्णा, तुमी एजंट बगतच न्हाई. तुमाला मला पाठवायचंच न्हाई, म्हणून खोड्या काढताय." आम्हा सगळ्यांच्याच मनात ते होतं. मामी उठून आत गेल्या. मला वाटलं, मामा आता चिडतील, फौजेतल्या हिंदीत दोन शिव्या देतील. तर ते पायातली चप्पल अंगठ्यानं हलवत बसले आणि म्हणाले, "आनकी एक बगू."

त्यासाठी ते एकटेच एसटीनं कुपवाडला गेले आणि कारखान्यांच्या फाटकांवर सुट्टीच्या वेळेला उभे राहिले. जी पोरं परदेशी गेलीत त्यांच्या घरच्यांना ते विचारत नव्हते. जी परत आली ती शोधत होते. त्यांचं म्हणणं, "ग्येलेल्याची माणसं ग्वाडच बोलत्यात. परत आलेला खरं सांगतो." एक वेल्डर असा सापडला. त्यानं पोलंडला शिव्या दिल्या, तिथल्या थंडीला दिल्या, जेवणाला, फोरमनला, स्वतःच्या नशिबाला दिल्या, आणि एजंटाला मात्र दिल्या नाहीत. मामांनी त्याच्याकडून पत्ता घेतला.

एजंट म्हणजे सांगलीतल्या एका बाई निघाल्या. चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या, ऑफिस म्हणजे एका इमारतीतली तळमजल्यावरची खोली. काच नाही, विमान नाही. त्यांचा परवाना भिंतीवर होता, मी तो फोनवर ताडून पाहिला, बरोबर होता. बाईंनी आधी दत्तालाच प्रश्न विचारले, कुठलं वेल्डिंग येतं, किती जाडीच्या पत्र्यावर केलंय, इंग्रजी किती येतं. मग मामांकडं वळून म्हणाल्या, "काका, तुम्हाला काय विचारायचंय?"

मामांनी विचारलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खोडी पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या. "पहिली म्हणजे व्हिसा मिळेलच असं मी सांगू शकत नाही, ते वकिलातीच्या हातात असतं. परमिट एकाच कंपनीचं असतं, पटलं नाही म्हणून लगेच दुसरीकडं जाता येत नाही. इथून परीक्षा देऊन गेला तरी तिथं वेल्डिंगची परीक्षा पुन्हा घेतात. सुरुवातीला एका खोलीत चौघं. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, त्याला काही पोरं टिकत नाहीत. मी पाठवलेली काही परत आलीत."

मामा पुढं सरकून बसले. इतकी भरगच्च उत्तरं त्यांना आटपाडीच्या बाजारातही मिळाली नसतील. त्यांचा चेहरा फुलत चालला होता. "आनकी?" ते म्हणाले.

दत्ताकडं बघून, मग मामांकडं बघून बाई म्हणाल्या, "आणखी एक आहे. ती सगळ्यात मोठी. जी पोरं टिकतात ना काका, ती मग लवकर येत नाहीत. पहिल्या वर्षी दिवाळीला येतो म्हणतात, दुसऱ्या वर्षी पुढच्या दिवाळीला. हळूहळू तिथलीच होतात. यावर माझ्याकडं इलाज नाही."

मामांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. मला त्यांची दया आली. इतके महिने जिला शोधत होते ती खरं बोलणारी बाई सापडली होती, आणि तिनं सांगितलेलं खरं हे असं होतं. नको म्हणायला याहून चांगलं कारण कुणाला मिळालं असतं? दत्तानंही मान खाली घातली होती, त्यानं बहुधा आशा सोडली होती. तेवढ्यात मामा म्हणाले, "दत्ता, कागद काड. हितंच द्यायचं."

पुढचं सगळं रीतसर झालं. परीक्षा झाली, परमिट आलं, व्हिसाला वेळ लागला पण तोही आला. दत्ता गेला त्या दिवशी मामींनी शेंगदाण्याच्या चटणीचे इतके डबे भरले की बॅग विमानतळावर पुन्हा उघडावी लागली. मामा विमानतळावर आले नाहीत. गल्लीच्या तोंडापर्यंत आले, पोराच्या पाठीवर जोरात थाप मारली, "फिट ऱ्हा" म्हणाले आणि मागं वळले. मी गाडीच्या आरशात बघितलं तर ते झपाझप घराकडं चालले होते.

परवा दुपारी ते आमच्याकडं आले. हिनं भडंग आणि चहा पुढं ठेवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग एकदम मला म्हणाले, "जावईबापू, त्या बाईच्या हापिसातलं घड्याळ मागं हुतं. तुमी बघितलंवतं का?"

मी म्हटलं, "नाही बुवा."

"मी बघितलंवतं. आत शिरल्या शिरल्या बघितलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी तेवढ्यावर उठलो असतो. जिला टायम नीट ठेवता येत न्हाई ती माझं पोरगं काय ठेवणार, असं म्हणलो असतो. दत्ता गप बसला असता."

"मग म्हणाला का नाहीत?"

"लय तोंडावर आलंवतं. बाई शेवटचं ते बोलल्या तवा तर जिभेच्या टोकावर हुतं." ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. "पर बाई खरी हुती. माल खरा हुता. पोरगं माझं हाय म्हणून खऱ्या मालाला खोट लावू व्हय? न्हाई जमलं."

ही दारात उभी होती, तिनं डोळे पुसले. मामांना ते आवडलं नसावं, कारण त्यांनी लगेच विषय बदलला आणि विचारलं, "आत्ता तिथं किती वाजलं असत्याल?"

मी हिशेब केला आणि सांगितलं की तिथं अजून दुपार व्हायची आहे, त्याची जेवायची सुट्टी व्हायला थोडा वेळ असेल.

"म्हंजे जेवलं नसंल अजून," मामा म्हणाले. त्यांनी हातातला भडंगाचा घास पुन्हा ताटलीत ठेवला आणि ताटली बाजूला सरकवली. "मग थांबतो मी बी. काय घाई न्हाई."

हिनं चहावर झाकण ठेवलं, आणि आम्ही तिघंही बसून राहिलो.