सिनेटरसाहेब बोलले आणि आईने दाखला काढला

आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहातल्या एका सिनेटरची जवळजवळ सगळी भाषणं मी ऐकली आहेत. खुद्द त्यांच्या बायकोने तरी ऐकली असतील का, याची मला शंका आहे. मी राहते अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाला. आयर्लंडशी माझा संबंध एवढाच, की माझी धाकटी बहीण तिथल्या एका वृद्धाश्रमात केअरर आहे. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, हे तिचं काम. तिच्या कामाच्या परमिटवर मुलीला सोबत न्यायची परवानगी नव्हती आणि नवऱ्याशी तर काडीमोड झालेला. म्हणून मुलगी नागपूरला आमच्या आईजवळ राहायची. त्या देशाच्या आईबापांना हिने सांभाळायचं आणि हिच्या पोरीला आमच्या आईने, अशी ती मोठी सोयीची व्यवस्था होती.

एक दिवस बहिणीचा फोन आला. "ताई, आमचा सिनेटर हा विषय सभागृहात घेणार आहे. मी त्याला जाऊन भेटले. खूप चांगला माणूस आहे गं! नक्की कधी ते माहीत नाही आणि माझी ड्यूटी असते, तर तू रोज बघशील का? सगळं लाइव्ह असतं."

मी घरून काम करते आणि सकाळी मला मीटिंग नसतात, एवढीच माझी पात्रता. मुलांना शाळेत सोडून आले की कॉफी घेऊन मी आयर्लंडच्या राष्ट्रीय प्रश्नांसमोर बसायची.

सिनेटरसाहेब गोरेगोमटे, गाल लाल, टाय नेहमी हिरवा. सुरुवातीची दोन वाक्यं ते त्यांच्या मायबोलीत, म्हणजे आयरिशमध्ये, बोलत आणि तिसऱ्या वाक्याला इंग्रजीवर येत. हे मला अगदी ओळखीचं वाटलं. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्षही 'आपली भाषा जपली पाहिजे' एवढं मराठीत सांगतात आणि बाकीचं भाषण इंग्रजीत करतात. मग सिनेटरसाहेब सभापतींचे आभार मानत, मंत्र्यांचं स्वागत करत, आधीच्या वक्त्याचं कौतुक करत, आणि या सगळ्यातून काही वेळ उरलाच तर प्रश्नाला हात घालत. आज घरांचा तुटवडा, उद्या इस्पितळात खाटा नाहीत, परवा नदीचा पूर, तेरवा कुठल्याशा गावाची बंद झालेली बस. प्रत्येक प्रश्नावर ते सारखेच हळहळायचे. खाट मिळाली नाही म्हणून जेवढं दुःख, तेवढंच बस बंद झाली म्हणून. मागच्या बाकांवर कोणी नसायचं. जे असायचे ते फोनमध्ये डोकं घालून असायचे. आणि या सगळ्याला तिकडे म्हणतात 'कॉन्ट्रिब्यूशन'! आमच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून काही तरी आणायच्या जेवणाला, एखादीने नुसते पेपर नॅपकिन आणले तरी ते याहून भरीव असतं.

पॉटलकवरून आठवलं. गणपतीनंतरच्या एका जेवणात मी हा विषय काढला. मला वाटलं होतं, कोणी तरी निदान 'अरेरे' म्हणेल. तिथे एक काका आहेत, या देशात आयुष्य काढलेले. त्यांनी मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "युरोपमध्ये सगळं स्लो असतं. इथे बघ, तुझ्या सिनेटरच्या ऑफिसला एक फोन कर, काम होऊन जातं." त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलेले आमचे इंजिनियर लोक माना डोलवायला लागले. त्यातल्या अर्ध्यांचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं अडकलेलं. त्यांनी कोणाला फोन केले होते कोण जाणे! माझा नवराही मान डोलवत होता. घरी येताना गाडीत मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "यार, पार्टीत कशाला आर्ग्यू करायचं?"

शेवटी तो दिवस आला. आमच्या विषयासाठी मोजकीच मिनिटं दिलेली. सिनेटरसाहेब उभे राहिले आणि खरं सांगते, त्या दिवशी बरं बोलले. नाव न घेता त्यांनी बहिणीची गोष्ट सांगितली. 'आमच्या आईवडिलांची काळजी घेणारी ही आई स्वतःच्या मुलीला फक्त फोनच्या काचेवर बघते,' असं ते म्हणाले, तेव्हा मीही कॉफीचा कप खाली ठेवला. मग उत्तर द्यायला मंत्री उभे राहिले. पण ते त्या खात्याचे मंत्रीच नव्हते! भलत्याच खात्याचे राज्यमंत्री, सहकाऱ्याच्या वतीने आलेले. त्यांनी आणलेला कागद मान खाली घालून वाचला. सिनेटरांनी विषय मांडल्याबद्दल आभार, शासन या मातांच्या योगदानाची कदर करतं, नियमांचा फेरविचार चालू आहे, आपल्या भावना सहकाऱ्यांच्या कानावर घालीन. कागद संपला आणि मंत्री बसले. सिनेटरसाहेबांनी या 'सकारात्मक' उत्तराबद्दल त्यांचे आभार मानले. कोपराला गूळ लावणं एवढ्या सभ्यपणे करतात, हे मी प्रथमच पाहिलं.

बहिणीने त्याची क्लिप घरच्या ग्रुपवर टाकली. तासाभरात नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांचे हात जोडलेले, फुलं टाकलेले निरोप आले. मी ताबडतोब आईला फोन लावला.

"आई, याचा अर्थ काहीही झालेलं नाही. कळलं ना?"

"काय बोलून राहिली तू! मंत्री स्वतः म्हणाले ना, फेरविचार चालू आहे म्हणून."

"ते त्या खात्याचे मंत्री नव्हते. लिहून दिलेलं वाचत होते."

"तुला तर कोणाचंच काही चांगलं दिसत नाही. लहानपणापासून अशीच आहेस, सगळ्यांना नावं ठेवणारी." आणि तिने फोन पोरीच्या हातात दिला.

आता माझी आई कुठली, तर नागपूरची. दर वर्षी हिवाळी अधिवेशनात अख्खं मंत्रिमंडळ तिच्या गावात उतरतं. 'शासन सकारात्मक आहे' हे वाक्य ऐकत ती म्हातारी झाली. मोर्चेकऱ्यांना आश्वासनाचा कागद देऊन कसं परत पाठवतात, हे तिने रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलेलं. आमदाराच्या शब्दावर तिने कधी भाजीची जुडीसुद्धा घेतली नसती. पण गोरा माणूस, अंगात सूट, इंग्रजी भाषा आणि मागे लाकडी नक्षीची भिंत! आई विरघळली. गोरे लोक उगाच बोलत नाहीत, बोलले की करतात, अशी तिची पक्की समजूत. ही समजूत तिची एकटीची नाही, आमच्या समाजातल्या शिकल्यासवरल्यांचीही आहे, आणि इतकी वर्षं या लोकांत राहून मला या समजुतीची चीड येते.

त्या समजुतीपायी आईने काय करावं? पुढच्या आठवड्यात ती शाळेत गेली आणि नातीचा दाखला काढून आली. ऐन वेळी धावपळ नको म्हणून. शाळेच्या बाईंना पेढे दिले. पोरीने वर्गातल्या मैत्रिणींना आपली रंगपेटी वाटून टाकली, तिकडे आई नवीन घेईल म्हणून. मला हे कळलं तेव्हा दाखला निघून जागा भरलीसुद्धा होती. मी फोनवर आईला वाट्टेल ते बोलले. आई एकदाच म्हणाली, "सभागृहात बोलले होते गं ते," आणि रडायला लागली. मला तिची कीव आली आणि त्याहून जास्त रागच आला, आणि तो राग कोणावर काढावा ते कळेना.

पुढे काय व्हायचं होतं? सभागृहाची मुदत संपली. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांचे, दारावरच्या माणसांचे, उपाहारगृहाचे आभार मानले. सिनेटरसाहेबांनी आपण मांडलेल्या विषयांत केअररच्या मुलांचा विषय अभिमानाने सांगितला. निवडणुकीत ते पडले. नियम होता तसाच राहिला. बहिणीने त्यांना एक आभाराचं कार्ड पाठवलं, हे ऐकून मी कपाळावर हात मारला. ती म्हणाली, "ताई, ते बोलले तरी. दुसरं कोण बोललं?" माझं मत काही त्याने बदललं नाही.

पोरीला आईने महिनाभर घरात बसवून मग दुसऱ्या एका शाळेत घातलं. त्या दिवसांत तिला करायला काही नव्हतं. आजीच्या फोनवर ती क्लिप ती पुन्हा पुन्हा लावायची, कारण त्यात तिच्या आईची गोष्ट होती. परवा एका रविवारी व्हिडिओ कॉल केला, तर बाईसाहेब दिवाणावर उभ्या.

"मावशी, चल, खेळू. मी सिनेटर. तू मिनिस्टर."

आणि तिने सुरुवात केली. अख्खं भाषण पाठ! तोच चढउतार, तोच हात हलवणं, 'मिनिस्टर, धिस मदर' म्हणताना तोच आवाज खाली आणणं. फक्त एक गोष्ट वेगळी होती. भाषणातली ती मुलगी म्हणजे आपणच, हे तिला माहीत होतं. त्या वाक्याला तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. इतका वेळ मी हसण्याच्या तयारीत होते, पण मला हसता आलं नाही.

भाषण संपवून ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मला मंत्र्यांचा तो कागद वाचून दाखवायचं धैर्य झालं नाही.

"हो," मी म्हणाले. "यस. तुला आईकडे जायला परवानगी आहे."

ती दिवाणावरून खाली उतरली, फोनजवळ आली आणि अगदी समजुतीने मला म्हणाली, "असं नसतं गं मावशी. ते हो म्हणत नाहीत. नुसतं थँक यू म्हणतात."