पोटावरच्या सुयांच्या खुणा

"मल्टिपल स्क्लेरोसिस असू शकतो," मोठे डॉक्टर म्हणाले. यात मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं आवरण जागोजागी खराब होतं आणि आजार पुन्हा पुन्हा उलटतो. आईने एवढंच विचारलं, "चालेल ना ती?"

"आत्ताच सांगता येणार नाही."

भिवंडीत आमच्या घराखाली कापड विणायचे लूम आहेत. फरशी दिवसभर थरथरते. यंदा, १९८८ साली, एका सकाळी ती थरथर माझ्या तळपायांना जाणवेना. वाटलं, लाइट गेली. पण खटखट तर ऐकू येत होती. संध्याकाळी पाय ओढत चालू लागले, मग उजव्या डोळ्यापुढे धुरकट झालं. भावाने टॅक्सीने मुंबईच्या इस्पितळात आणलं.

लंबर पंक्चर झालं, म्हणजे पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. त्यात सूज आहे हे कळलं. कशामुळे, ते नाही. "आधी ताप, गोवर, काही?" प्रत्येक डॉक्टर विचारी. आई "नाही" म्हणे.

मग एक तरुण डॉक्टरबाई आल्या. पोटावर किल्ली ओढून स्नायू आक्रसतात का, ते त्यांना बघायचं होतं. मी चादर सोडीना.

"लाजतेस काय गं पोरी," वॉर्डातली आया म्हणाली, "इथं भल्याभल्यांची पोटं उघडी पडतात."

चादर सरली. बेंबीभोवती सुयांच्या गाठी होत्या.

"हे काय?"

आई खाली बघत म्हणाली, "महिन्यापूर्वी कुत्रं चावलं होतं, त्याच्या सुया. हिला स्थळं बघतोय ना, म्हणून कुठं बोललो नाही. लोक म्हणतात, विष अंगात राहतं."

"अहो आई, हेच तर आम्ही शोधत होतो!"

कुत्रं चावल्यावरची ती लस मेंढीच्या मेंदूपासून करतात. क्वचित कुणाला तिच्यामुळे नसांच्या आवरणाला सूज येते: अ‍ॅक्यूट डिसेमिनेटेड एन्सेफॅलोमायलायटिस. सुरुवात अगदी त्या दुसऱ्या आजारासारखीच. पण हा बहुधा एकदाच येतो आणि ओसरतो. स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली. मोठे डॉक्टर मात्र म्हणाले, "पुन्हा झटका आला, तर आजाराचं नाव बदलावं लागेल."

हळूहळू नजर आली. आयाच्या खांद्यावर हात ठेवून मी चालू लागले. तिचे आणि डॉक्टरबाईंचे आभार मला तोंडाने नीट मानता आले नाहीत, म्हणून इथे मानते. कुत्रं चावलं तर सुया जरूर घ्या; पण नंतर पाय जड झाले, तर डॉक्टरांना आधी त्या सुयांचं सांगा.

परवा एक स्थळ आलं. आईने चहाच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

"परत होईल का?" मुलाच्या आईने विचारलं.

"ते डॉक्टरांनाही माहीत नाही," आई म्हणाली.

मंडळी लवकर उठली. त्यांना पोचवायला मी जिना उतरून खाली गेले, कठडा न धरता.