उसनेकाकांची बढती

कुलपांच्या एका कारखान्यात, पहिल्या मजल्यावरच्या किल्ली विभागात एक कारकून होते. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं. एरवी सगळे त्यांना उसनेकाका म्हणत. स्वतःची कात्री, डिंक, पट्टी असं काही त्यांनी जन्मात बाळगलं नव्हतं. कात्री हवी की तळमजल्यावर पॅकिंगमध्ये, डिंक हवा की दुसऱ्या मजल्यावर कुलूप विभागात. गेले की तासभर गप्पा, आणि इकडचं तिकडे सांगायची भारी हौस.

बाकी कारखान्याचा कारभार शिडीसारखा. शेजारच्या मजल्याला काही विचारायचं तर आधी आपल्या साहेबांना सांगायचं, त्यांनी मोठ्या साहेबांना, आणि मग तो प्रश्न पलीकडच्या बाजूनं पायरी पायरी खाली उतरायचा. तोवर विचारणारा विसरून गेलेला असे.

कारखान्यातले विभाग नेमकं कोण जोडतं, हे शोधायला मोठ्या साहेबांनी एकदा बाहेरून एक बाई बोलावल्या. त्यांनी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही कुणाकुणाशी बोलता? मग फळ्यावर माणसागणिक एक ठिपका काढला, बोलणाऱ्यांमध्ये रेघा ओढल्या, आणि एकेक ठिपका पुसून काय तुटतं ते पाहू लागल्या. मोठ्या साहेबांचा ठिपका पुसला. काहीच तुटलं नाही. साहेब खोकले. उसनेकाकांचा पुसला, तर तीन मजल्यांची तोंडं तीन दिशांना.

असं रत्न खाली कसं ठेवायचं? साहेबांनी काकांना 'दुवा अधिकारी' केलं, सगळ्यात वर आपल्या शेजारची खोली दिली, आणि टेबलावर कात्री, डिंक, पट्टी, सगळं नवं कोरं. काकूंनी बातमी गल्लीत घरोघर पोचवली. काही घरी दोनदा.

पण काकांना आता खाली जायला निमित्तच उरलं नाही. उगाच गेले तर माणसं ताडकन उभी राहत आणि गप्प होत. दिवसभर तोंडाला कुलूप लागल्यासारखं वाटतं, असं ते काकूंना म्हणाले. काकूंना त्यात वाईट असं काही दिसलं नाही.

थोड्याच दिवसांत कुलूपवाल्यांनी कुलपाच्या भोकाचा आकार बदलला. किल्लीवाल्यांना पत्ताच नाही. पॅकिंगवाल्यांनी दोन्ही एका डब्यात घालून माल रवाना केला. गिऱ्हाइकं डबे घेऊन फाटकाशी आली. फाटकालाही तेच नवं कुलूप होतं, त्यामुळे मोठे साहेबही गिऱ्हाइकांबरोबर बाहेरच अडकले.

बाईंनी पुन्हा ठिपके काढले. काकांच्या ठिपक्याला आता एकच रेघ होती, मोठ्या साहेबांकडे जाणारी.

"तुम्ही पूल उचलून गच्चीवर ठेवलात," बाई म्हणाल्या. "आता लोकांनी नदी ओलांडायची कशी?"

दिलेलं पद परत घेणं साहेबांना बरं दिसेना. म्हणून त्यांनी काकांची कात्री परत घेतली. मग डिंक, पट्टी, आणि शेवटी खुर्चीसुद्धा.

त्याच दुपारी काका पॅकिंगमध्ये उतरले. सगळे उठून उभे राहिले. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेबलापाशी जाऊन त्यांनी, कात्री मिळेल का, असं कसंबसं विचारलं. पॅकिंगच्या ताई त्यांच्याकडे बघत बघत खाली बसल्या.

"आधी नेलेली कधी देताय?"

काका एका खोक्यावर टेकले आणि वरच्या मजल्यावर साहेब दुपारी कसे घोरतात ते सांगू लागले.