मला नीट दिसतंय, काका

कुठलीही वेबसाइट उघडली की दातेकाका आधी नाक मुरडायचे. पान पुरतं उघडलेलंही नसायचं. मग चष्मा कपाळावर चढवून पडद्याच्या अगदी जवळ जायचे आणि म्हणायचे, "शी!" वेबसाइट आपल्या मराठी मंडळाची असो, बँकेची असो, नाहीतर भाच्याच्या कंपनीची, निकाल तोच. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण तसं मनापासून "शी" म्हणणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. हल्लीचे लोक "नॉट बॅड" म्हणतात आणि पुढे जातात.

काकांनी शिकागोच्या एका फोटो लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली होती. अंधाऱ्या खोलीत, औषधांच्या वासात, लोकांची लग्नं आणि बारशी धुऊन काढण्यात. निवृत्त झाल्यावर शिकागोजवळच्या शॉमबर्गला राहायला आले आणि मंडळाची वेबसाइट सांभाळू लागले. गणपतीचे फोटो ते एकेक करून लहान करायचे, प्रत्येक चेहरा बघून. त्यात दोन आठवडे जायचे. तोवर पुण्या-नागपूरचे आजी-आजोबा "अजून फोटो नाहीत?" म्हणून हैराण, आणि टाकल्यावर साइट इतकी जड की उघडता उघडत नसे. शेवटी अध्यक्षांनी मला बोलावलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, एच-वन व्हिसावर नोकरीला आलेला, इन्शुरन्सच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणारा. डोक्यात हवा होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी एका शनिवारात सगळी साइट नव्याने उभी केली आणि दोन प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचे तयार प्रोग्राम, टाकली. पहिलं फोटो आपोआप दाबून हलके करणारं. काकांनी पहिला फोटो बघितला आणि त्यांना अक्षरशः शिसारी आली.

"ही माणसं आहेत की बाथरूमच्या फरश्या? चौकोनच चौकोन! गालावर चौकोन, कपाळावर चौकोन!"

"काका, कॉम्प्रेशन आहे. पेज फास्ट होतं."

"कमी करायचंय तर फोटो कमी टाक. माणसांची तोंडं का कमी करतोस?"

दुसरं प्लगइन कॅशिंगचं. ते काय असतं, हे मी त्यांना स्वयंपाकाच्या भाषेत सांगितलं. साइट दर माणसासाठी पान नव्याने रांधते, म्हणून वेळ लागतो. हे प्लगइन एकदा रांधलेलं झाकून ठेवतं आणि येईल त्याला तेच वाढतं.

"म्हणजे शिळं," काका म्हणाले.

"पान बदललं की ते जुनं आपोआप फेकून देतं, काका."

"तू बघितलंयस फेकताना?"

मी हसलो. बघितलं नव्हतं. काका त्यानंतर मुद्दाम गावच्या लायब्ररीत जाऊन, तिथल्या कॉम्प्युटरवर मंडळाची साइट उघडून बघत. "तू घरमालकासारखा आत बसून बघतोस. एकदा बाहेर उभा राहून बघत जा," असं मला निदान दहा वेळा तरी ऐकवलं असेल. मला वाटायचं, म्हाताऱ्याला वेळ जात नाही. साइट झरझर उघडत होती, कमिटीने माझं कौतुक केलं होतं आणि मी आणखी एक सुधारणा केली होती: मंडळाच्या लांबलचक ईमेल बंद. ईमेलमध्ये फक्त लिंक, बाकी सगळं साइटवर.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये मालतीकाकू गेल्या. काकांची बायको. दोघांना मूलबाळ नव्हतं. मंडळ हेच घरदार. गुरुवारी मी पान केलं: काकूंचा फोटो, फ्युनरल होमचा पत्ता, अंत्यदर्शन शनिवारी दुपारी एक वाजता. सगळ्यांना लिंक गेली. शुक्रवारी दुपारी काकांचा फोन आला. फ्युनरल होमवाल्यांनी घोळ घातला होता, वेळ बदलून सकाळी दहाची झाली होती. आवाज थकलेला होता, पण म्हणाले, "आणि तिच्या फोटोचं बघ. चौकोन आलेत. चेहरा तरी नीट दिसू दे रे."

मी ऑफिसातूनच कामाला लागलो. फोटो दाबणारं प्लगइन बंद केलं, मूळ फोटो पुन्हा चढवला, कडा तपासल्या. वेळ बदलून दहा केली आणि "पान पुन्हा बघा" म्हणून सगळ्यांना लिंक परत पाठवली. पान उघडून बघितलं, सगळं ठीक. काकांना फोन केला.

"सगळ्यांना दिसतंय ना? मला आज लायब्ररीत जाणं जमायचं नाही."

"मला नीट दिसतंय, काका," मी म्हणालो.

शनिवारी दहा वाजता त्या हॉलमध्ये ऐंशी खुर्च्या होत्या आणि आम्ही अकरा माणसं. काका आणि मी सोडून बाकीचे गल्लीतले आणि कमिटीतले, ज्यांना फोन गेले होते. मी सारखा दाराकडे बघत होतो. सव्वादहाला मी उठलो. बाहेर येऊन रिसेप्शनवरच्या बाईंना साइट उघडायला सांगितली. त्यांच्या पडद्यावर अजून दुपारी एकचीच वेळ होती. वर काकूंच्या चेहऱ्यावर चौकोन. कॅशिंगच्या प्लगइनने जुनं पान फेकलंच नव्हतं, आणि त्याची रीत अशी की लॉग-इन केलेल्या माणसाला ते ताजं पान दाखवतं आणि बाकी जगाला झाकून ठेवलेलं. मी लॉग-इन होतो. आयुष्यभर लॉग-इनच होतो म्हणा ना. मला स्वतःची किळस आली, आणि ही शब्दांची सजावट नाही. मी खरोखरच बाथरूममध्ये जाऊन ओकलो.

एक वाजता लोक यायला लागले. पांढरे कपडे, हातात फुलं. कुणी मिलवॉकीहून, कुणी चार तास ड्राइव्ह करून इंडियानापोलिसहून. काकू केव्हाच दहनाला गेल्या होत्या. काका पार्किंगमध्ये उभे राहून प्रत्येकाला नमस्कार करत होते.

संध्याकाळी अध्यक्षांची ईमेल आली: "काही तांत्रिक अडचणीमुळे सभासदांची गैरसोय झाली." त्याहून घाणेरडं वाक्य मी वाचलेलं नाही. आणि खरं सांगतो, ते वाचून मला क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं होतं. त्याचीच आज जास्त घाण वाटते.

रविवारी काकांनी मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन आणि मंडळाची यादी.

"अडचणीला नाव नसतं का? तुझं नाव सांग. एकेकाला फोन कर आणि सांग, माझं चुकलं. मी आहे इथे."

मी बेचाळीस फोन केले. कुणी "इट्स ओके यार" म्हणालं, एक काकू पाच मिनिटं नुसत्या बोलत राहिल्या, एकाने फोन आपटला. काका समोर बसून होते, चहा थंड होत होता. शेवटचा नंबर पुण्याचा, काकूंच्या धाकट्या बहिणीचा. यायला जमलं नव्हतं, म्हणून सगळी भिस्त त्या पानावर. मी चूक सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू होतास ना तिथे? मला नुसते चौकोन दिसले रे. शेवटी कशी दिसत होती ताई?"

 मी तिथे तासभर होतो. मला दार आठवत होतं, खुर्च्या आठवत होत्या, रिकाम्या रांगा मोजलेल्या आठवत होत्या.

"मावशी, मी बघितलंच नाही," मी म्हणालो.

काकांनी हात पुढे करून रिसीव्हर घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

"अगं, मोतिया रंगाची साडी नेसवली होती," ते म्हणाले. "कुंकू जरा डावीकडे गेलं होतं, ते मी पुसून परत लावलं. डोळ्यांखाली ते काळं असायचं ना, ते नव्हतं."