पालथेकाकांचा पहिला कागद

छपाईच्या खोलीतल्या शिपायाला सगळं ऑफिस पालथेकाका म्हणायचं. प्रिंटरमधून कागद पडला की काका आधी तो पालथा करायचे. कोपरा जरासा उचलून नाव तेवढं बघायचे आणि ज्याचा त्याच्या टेबलावर नेऊन द्यायचे. कुणाची बदली, कुणाचा मेमो, कुणाच्या रजेमागचं दुखणं, बावीस वर्षं सगळं यांच्या हातून गेलं, पण या कानाचं त्या कानाला कळलं नाही. असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

मग नवी पद्धत आली. कागद आता मशीनमध्येच थांबणार. ज्याचा त्याने यायचं, आपला नंबर दाबायचा आणि घेऊन जायचं. "कागद नको त्याच्या हाती पडू नये म्हणून," साहेबांनी सभेत सांगितलं. काकांनी ते मनाला लावून घेतलं. नको त्याच्या म्हणजे कुणाच्या? त्या खोलीत दुसरं होतं कोण? तुमच्याबद्दल नव्हतं ते, असं चारजणांनी समजावलं. पण नावातच पालथे, तिथे घड्यावर पाणी किती ओतणार!

नंबर काकांनाही मिळाला होता, पण त्यांना छापायचं काय असणार? महिनाभर ते रिकाम्या हातांनी स्टुलावर बसून राहिले. एका दुपारी उठून टायपिस्टताईंसमोर उभे राहिले.

"ताई, माझा राजीनामा लिहा. माझ्याच नंबरावर पाठवा."

ताईंचे हात थांबले. पण वडीलधाऱ्या माणसाला अडवायचं कसं? त्यांनी निमूटपणे चार ओळी टाइप करून पाठवल्या आणि राहवेना म्हणून मागोमाग गेल्या.

काकांनी चष्मा पुसून एकेक आकडा दाबला. पडद्यावर अक्षरं आली : 'सोडायचे का? हो / नाही.' मशीन बिचारं कागदाबद्दल विचारत होतं, बाहेर सोडायचा की नाही. काका मात्र वाचून थबकले. पुन्हा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले.

"बघा ताई, बावीस वर्षांची नोकरी. साहेबांनी विचारलं नाही, तुम्ही विचारलं नाही. या मेल्यानं विचारलं."

हे सगळ्यांनाच विचारतं हो, असं ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"चुकलंच माझं, काका," त्या म्हणाल्या. "आता विचारते. सोडायचं का?"

काकांनी बाहीने नाक पुसलं आणि 'नाही' दाबलं.