फोडलेली फरशी

जुनी घरं दुरुस्त करून देणाऱ्या कंपनीत सगळे ठेकेदार तिच्या हाताखाली होते. तिला सगळे वहिनी म्हणत, कारण साइटवरचा सुपरवायझर तिचा धाकटा दीर होता.

एका बाथरूममध्ये नवी फरशी बसली. "खाली वॉटरप्रूफिंग झालंय ना?" तिने विचारलं.

"माझ्या डोळ्यांसमोर झालं, वहिनी," दीर म्हणाला.

आठवड्याभरात खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या बायकोच्या उशीवर छतातून पाणी ठिबकत होतं.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठेकेदार आणि दिरासमोरच तिने हातोड्याने फरशी फोडली. खाली नुसतं वाळू-सिमेंट होतं.

"ठेकेदार झालं म्हणाला, म्हणून मी..." दीर चाचरला.

"मग तुला इथे काय शोभेला उभं केलं होतं?"

ठेकेदार हसला. "घरातलं भांडण घरी करा. एवढा कोपरा बुजवून देतो."

"कोपरा नाही, सगळी फरशी उखडायची. आत्ता!" मग ती दिराकडे वळली. "आणि तू उद्यापासून येऊ नकोस. सासूबाईंना मीच सांगेन."

ती तडक खाली गेली आणि आजोबांबरोबर आजींचा पलंग कोरड्या खोलीत सरकवू लागली.